जर्मनीतल्या दारावर पुण्याचे समन्स

जूनमधल्या एका मंगळवारी, तिथल्या घड्याळाप्रमाणे सकाळी पावणेआठ वाजता, जर्मनीतल्या एका छोट्या शहरात, दुसऱ्या मजल्यावरच्या डावीकडच्या दारावर पुण्यातल्या एका न्यायालयाचे समन्स चिकटवण्यात आले. समन्स दोन पानांचे होते. सोबत घटस्फोटाच्या अर्जाची प्रत होती आणि दोन्हींचे जर्मन भाषांतर होते. चारही बाजूंनी पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. दाराचे तीन फोटो काढले. जिन्यात उभे राहून मराठीत पंचनामा लिहिला गेला आणि त्यावर दोन पंचांनी सह्या केल्या. दोघेही पंच तिथे शिकायला गेलेले पुण्याचे विद्यार्थी होते. घरात त्या वेळी कोणी नव्हते.

भाषांतर माझे होते. असे करणे म्हणजे दुसऱ्या देशाच्या अधिकारात हात घालणे आहे, हे मला तेव्हा अंधुकपणे माहीत होते. नीट माहीत करून घेण्याचे मी टाळले.

आधी व्यवसायाबद्दल. मी बारा वर्षे एका मराठी दैनिकात परदेशी बातम्यांच्या टेबलावर काम केले. इंग्रजीत आलेली बातमी मराठीत करायची आणि तिच्यात नसलेले काहीही घालायचे नाही, एवढे तिथे शिकलो. जर्मन कॉलेजात असतानाच शिकलो होतो. पुण्यात ती भाषा शिकणाऱ्यांची कधी कमतरता नव्हती. शिकून झाल्यावर तिचे काय करायचे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असे. मी पुढे नोकरी सोडली आणि चोवीस वर्षे कागदपत्रांचे भाषांतर केले. जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले, गुणपत्रिका, मृत्युपत्रे, न्यायालयाचे हुकूम. नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर एक खोली होती. दोन टेबले, एक प्रिंटर, आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडे.

बाकड्यावर बसणाऱ्यांचा समज असा, की मी भाषा बदलून देतो आणि काम होते. भाषा हा त्यातला सोपा भाग. कोणतेही राज्य फक्त स्वतःचा शिक्का ओळखते. पुण्यातल्या दाखल्यावरची सही खरी की खोटी, हे परदेशातल्या कारकुनाला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून त्या सहीवर इथल्या वरच्या अधिकाऱ्याचा शिक्का लागतो आणि त्यावर केंद्राचा. बऱ्याच देशांनी आपसांत करार करून ठरवले आहे, की हा शेवटचा शिक्का दिसला की पुढे काही विचारायचे नाही. कसब्यातले एक निवृत्त गृहस्थ मुलाच्या लग्नाचा दाखला घेऊन माझ्याकडे चौथ्यांदा आले, तेव्हा बाकड्यावर बसून शांतपणे म्हणाले, "लग्नाला साडेतीनशे माणूस जेवून गेलं. एकालाही शंका आली नाही. ह्यांनाच कशी येते?" मी म्हटले, ते जेवायला नव्हते. "मग बोलवायला हवं होतं," असे म्हणून ते शिक्क्यासाठी मुंबईला गेले.

दाखल्याचे एक वेळ बरे, कारण दाखला म्हणजे माहिती. समन्स म्हणजे हुकूम. बेलिफ दारात उभा राहतो तेव्हा तो कागद देणारा माणूस नसतो, न्यायालयच दारात आलेले असते. पुण्याचा बेलिफ साताऱ्याच्या दारातसुद्धा स्वतः जात नाही. साताऱ्याच्या न्यायालयाला विनंती जाते आणि तिथला बेलिफ जातो. देशाबाहेर तर त्या देशाच्याच यंत्रणेने आपला कागद बजावायला हवा. त्यासाठी हेगमध्ये झालेला एक करार आहे. भारत आणि जर्मनी दोघेही त्यात आहेत. ठरलेला फॉर्म भरायचा, भाषांतर जोडायचे, इकडच्या नेमलेल्या कार्यालयाने तिकडच्या नेमलेल्या कार्यालयाला पाठवायचे. काही देश टपालाने थेट पाठवलेला कागदही चालवून घेतात. जर्मनीने त्याला हरकत नोंदवली आहे. भारतानेही नोंदवली आहे. म्हणजे जर्मन न्यायालयाने कोथरूडच्या पत्त्यावर थेट समन्स टाकले, तर ते आपल्यालाही चालत नाही.

हे मी किसनरावांना निदान दहा वेळा सांगितले. दर वेळी त्यांना नव्याने राग आला.

किसनराव हिंजवडीच्या पलीकडच्या गावचे शेतकरी. त्यांची मुलगी सुवर्णा औषधशास्त्राची पदविका घेतलेली, गावाजवळच्या औषधाच्या दुकानात नोकरीला. तिचा नवरा अभिजित सॉफ्टवेअर कंपनीत होता. लग्नानंतर आठ महिन्यांत कंपनीने त्याला जर्मनीला पाठवले. घर मिळाले की नेतो म्हणाला. वर्षभर फोन येत राहिले, मग महिन्यातून एक, मग बंद. नंतर त्याने कंपनीही बदलली. मूलबाळ नव्हते. ती माहेरी राहिली त्याला चार वर्षे झाली होती, तेव्हा तिने घटस्फोटाचा अर्ज केला.

अर्ज करण्याला कारण होते. मुळशीकडच्या एका शाळेतले शिक्षक, जगतापसर, बायकोच्या दुखण्यात औषधे न्यायला त्या दुकानात येत. बायको गेली. दोन लहान मुली आणि म्हातारी आई मागे राहिल्या. पुढे वर्षभराने सरांनी किसनरावांकडे थोरल्या भावाला पाठवले. मुलगी तयार होती, घरचे तयार होते. अट एकच, की आधीचे लग्न कायद्याने मोडलेले असावे. सर म्हणाले, थांबतो. त्यांच्या भावाने विचारले, किती?

या प्रश्नाचे उत्तर वकील राजहंसांनी दिले. ते म्हणाले, सहा महिने. राजहंस पस्तीस वर्षे वकिली करत होते आणि आसपासच्या चार जिल्ह्यांत समन्स बजावून घेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तालुक्याच्या गावातला बेलिफ कधी रजेवर असतो, हे त्यांना पाठ होते. देशाबाहेरचे हे त्यांचे पहिलेच प्रकरण.

न्यायालयाने आधी समन्स रजिस्टर टपालाने पाठवले. पोच आली नाही. तारीख पडली, पुढची पडली. अभिजितच्या आईवडिलांनी मुलाशी संबंध नाही असे सांगून हात वर केले. मे महिन्यात राजहंसांच्या शिवाजीनगरच्या कार्यालयात बैठक झाली, तेव्हा मला प्रथम बोलावण्यात आले. किसनराव टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. मी करार सांगितला, फॉर्म सांगितला, वेळ सांगता येत नाही हेही सांगितले. किसनरावांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, दाराला चिटकवा की.

राजहंस हसले. किसनराव हसले नाहीत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या जमिनीच्या संपादनाची नोटीस निघाली, तेव्हा ते बहिणीच्या गावी लग्नाला गेले होते. तलाठ्याने दोन पंच घेऊन नोटीस दाराला चिकटवली. ते चार दिवसांनी परतले. कागद वाचून घ्यायला आणखी काही दिवस गेले, हरकत घ्यायची मुदत संपली. तक्रार करायला गेले तर साहेबांनी नोंद दाखवली: चिकटवून बजावणी पूर्ण.

"माझी जिमीन चिटकवलेल्या कागदावर गेली, वकीलसाहेब," ते म्हणाले. "तवा मी घरी न्हवतो, तरी चाललं. मग ह्याचं लगीन का जात न्हाई?"

चिकटवून बजावणी हा आपल्या कायद्यातला रीतसर मार्ग आहे. माणूस सापडत नसेल तर बेलिफ दाराला कागद लावतो, पंचांच्या सह्या घेतो आणि तसा अहवाल देतो. राजहंस गंभीर झाले. सुवर्णाचा आतेभाऊ तुषार जर्मनीत शिकत होता आणि तो राहत असलेल्या गावापासून अभिजितचे शहर रेल्वेने दोन तासांवर होते. राजहंस म्हणाले, जादा पुरावा म्हणून देऊ, न्यायाधीशांना पटले तर पटले. मी म्हटले, तिकडच्या कायद्यात हे बहुधा बसत नाही, मी बघून सांगतो.

"अहो पत्रकार," राजहंस म्हणाले, "तुम्ही बातमी द्या. अग्रलेख लिहू नका."

मी बघून सांगितले नाही. तीन दिवसांत भाषांतर दिले. तुषारला फोनवर पंचनाम्यात काय काय यावे लागते, तेही सांगितले: वेळ, ठिकाण, दाराचे वर्णन, पंचांची पूर्ण नावे. त्याने सगळे बिनचूक केले. पंचनाम्यात दाराचा रंगसुद्धा होता.

जुलैमध्ये फोटो न्यायाधीशांसमोर गेले. त्यांनी ते एकेक करून पाहिले आणि विचारले, "तिथे या न्यायालयाचा बेलिफ कोण होता?"

राजहंसांनी सांगितले, अर्जदाराचे नातेवाईक.

"म्हणजे अर्जदारानेच बजावलं."

"फोटो अगदी स्पष्ट आहेत, साहेब."

"स्पष्ट आहेत," न्यायाधीश म्हणाले. "दार दुसऱ्या देशात आहे." आणि करारानुसार बजावणी करा असा हुकूम झाला.

त्याच आठवड्यात तुषारला तिथल्या शहर कार्यालयाचे पत्र आले. इमारतीची देखभाल करणाऱ्याने परक्या देशाच्या मुद्रेचा कागद पाहून तो सोडवून घेतला आणि पोलिसांत दिला होता. कागदाच्या खाली तुषारने स्वतःचे नाव आणि पत्ताही बिनचूक लिहिला होता. व्हिसा जाईल का, शिक्षण अर्धे राहील का, असे तुषार फोनवर विचारत होता. पत्र मी वाचले. चार परिच्छेद, अतिशय सभ्य. परकीय न्यायालयाचा कागद पोचवणे ही राज्यसत्तेची कृती आहे. जर्मन भूमीवर ती जर्मन अधिकारीच करू शकतात. कायद्याचे अज्ञान लक्षात घेऊन पुढील कारवाई करत नाही. पुन्हा असे करू नये. मी किसनरावांना सोप्या मराठीत सांगितले, की त्यांच्या देशात त्यांचाच सरकारी माणूस कागद देऊ शकतो.

"मग द्या म्हणावं," किसनराव म्हणाले. "आमी कुठं न्हाई म्हणतोय?"

इथून पुढे दोन सार्वभौम राष्ट्रांचे सहकार्य सुरू झाले.

फॉर्मचे दोन संच लागतात. प्रत्येक संचात फॉर्म, समन्स, अर्ज आणि सगळ्याचे भाषांतर. ते न्यायालयाकडून वरच्या टेबलांमार्फत दिल्लीला आणि दिल्लीहून जर्मनीला जातात. जर्मनीत मात्र या कामाला एक कार्यालय नाही. तिथल्या प्रत्येक घटकराज्याने आपले वेगळे कार्यालय नेमले आहे, आणि एकाच्या हद्दीतला माणूस दुसऱ्याला सापडत नाही. पत्ता बरोबर असणे म्हणूनच महत्त्वाचे.

अर्जात अभिजितचा पत्ता राजहंसांनी सुवर्णाला विचारून लिहिला होता. सुवर्णाला तो नवऱ्याने पहिल्या वर्षी फोनवर सांगितला होता. रस्त्याचे नाव, घर क्रमांक, रेल्वे स्टेशनसमोर, बेकरीच्या वर, शहराचे नाव. पुण्यात हा उत्तम पत्ता आहे. मारुतीच्या मागे, पिठाच्या गिरणीशेजारी असे लिहिलेले पाकीट आपला पोस्टमन डोळे मिटून पोचवतो. पिनकोड नव्हता. मूळ कागदात नसलेले काही घालायचे नाही या सवयीने मी बेकरीचे निष्ठेने भाषांतर केले आणि पिनकोड विचारला नाही. त्या नावाची शहरे जर्मनीत दोन आहेत, दोन वेगळ्या राज्यांत. कोणीतरी, कुठल्यातरी टेबलावर, त्यातले एक निवडले.

संच सप्टेंबरमध्ये गेला आणि फेब्रुवारीत जसाच्या तसा परत आला. सोबत जर्मन पत्र. मी राजहंसांच्या कार्यालयात जाऊन ते वाचले. असा रस्ता आमच्या शहरात नाही, असे त्यात होते. भाषांतरातल्या 'बेकरी' या शब्दाखाली कोणीतरी पेन्सिलने बारीक रेघ ओढली होती. खरा, पिनकोडसह पूर्ण पत्ता तुषारकडे आठ महिन्यांपासून होता. तो त्या दारासमोर उभा राहून आला होता. त्याला तो कोणी विचारला नाही. त्यात मीही आलो.

पुन्हा पाठवायचे तर पुन्हा न्यायालयाची परवानगी. न्यायाधीश बदलून गेले होते. नव्या न्यायाधीशांनी फाईल वाचायला वेळ घेतला, मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. दुसरा संच ऑगस्टमध्ये तयार झाला. सहा महिन्यांचे दीड वर्ष होऊन गेले होते. सरांच्या भावाने आता गुढीपाडव्यापर्यंत थांबतो असे सांगितले होते. सर स्वतः काही बोलत नव्हते. त्यांच्या धाकट्या मुलीची पहिली इयत्ता संपून दुसरी सुरू झाली होती, आणि आई एकदा घसरून पडली होती. हे सगळे मला सुवर्णाकडून कळत असे. राजहंसांपेक्षा तिचा माझ्यावर विश्वास होता, कारण मी कधी 'होऊन जाईल' म्हणत नसे.

दुसरा संच जाण्याआधी ती माझ्या खोलीवर आली. शनिवार होता, दुकानाला तिने अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. फॉर्म बघायचा आहे म्हणाली. मी दाखवला. तिने बोट फिरवत तो वाचला आणि एका ओळीवर थांबली.

"काका, इथे अर्जदार म्हणून माझं नाव नाहीये."

मी सांगितले, की या फॉर्मपुरता अर्जदार म्हणजे आपल्या सरकारचे कार्यालय. ती व्यक्ती म्हणून दुसऱ्या देशाकडे काही मागू शकत नाही. राज्याने राज्याकडे मागायचे असते.

"आणि तिकडून उत्तर?"

"तेही कार्यालयालाच."

तिने फॉर्म टेबलावर ठेवला. "म्हणजे लग्न माझं," ती म्हणाली, "आणि बोलणी ह्यांची."

मग तिने तुषारने दिलेला पत्ता माझ्यासमोर अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. पिनकोड दोनदा मोठ्याने वाचला. बेकरी मी काढून टाकली होती.

त्यानंतर सहा महिने काहीही कळले नाही. करारात चौकशीची सोय नाही असे नाही, पण चौकशीही राज्याने राज्याकडेच करायची. राजहंसांनी दोन पत्रे लिहिली. मी वाट पाहणाऱ्यांना सांगायचे ठरलेले वाक्य सांगत राहिलो: बातमी नाही, म्हणजे नाकारलेलेही नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात राजहंसांचा फोन आला. दुपारची वेळ होती. मी एका रुग्णाची दीडशे पानांची वैद्यकीय फाईल जर्मनमध्ये करत होतो आणि ती दुसऱ्या दिवशी द्यायची होती.

"पुन्हा परत आलंय हो," राजहंस म्हणाले.

मी विचारले, सोबतच्या पत्रात काय आहे. ते म्हणाले, जर्मनमध्ये दोन ओळी आहेत, मागच्या वेळेसारख्याच. न्यायालयातल्या कारकुनाने फाईलवर 'कागद परत आले' असा शेरा मारला आहे. वरती आपलाच फॉर्म आहे, आपलेच समन्स आहे, आपलेच भाषांतर आहे. मग काय राहिले?

वर्तमानपत्राच्या टेबलावर असे चालत नसे. कागद समोर आल्याखेरीज बातमी सोडायची नाही, हा तिथला पहिला नियम होता आणि मी तो नव्या लोकांना शिकवत असे. शिवाजीनगर माझ्या खोलीपासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे. मी गेलो नाही. फाईल संपली की जाऊ, असे ठरवले. फाईल संपल्यावर दुसरी आली.

संध्याकाळी सुवर्णाचा फोन आला. राजहंसांनी तिला निरोप दिला होता, पण तिला माझ्याकडून ऐकायचे होते. मी सांगितले, पुन्हा परत आले आहे.

"तुम्ही पाहिलंत?" तिने विचारले.

मी 'हो' म्हणालो.

हे इतक्या वर्षांनी लिहिताना त्याचे कारण शोधायचा प्रयत्न केला. थकवा, घाई, राजहंसांवर भरवसा, यातले एकही पुरेसे नाही. दोन वर्षे दोन देशांच्या कार्यालयांवर, पत्त्यावर, शिक्क्यांवर मी चिडत होतो. परत येणे हीच त्या कागदाची सवय आहे, असे मी धरून चाललो होतो. आलेली बातमी माझ्या चिडण्याला साजेशी होती, म्हणून ती मी तपासली नाही.

पाडवा झाला. एप्रिलमध्ये जगतापसर स्वतः दुकानात आले. भावाला त्यांनी पाठवले नाही. सुवर्णाने नंतर सांगितले, की ते काउंटरच्या बाहेर उभे राहिले आणि आईची औषधे आधी घेतली. मग म्हणाले, की मुलींना आता कोणीतरी हवे आहे, आईला होत नाही, आणि कागदाचा काही नेम दिसत नाही. तिने त्यांना, चूक तुमची नाही, एवढेच सांगितले. मे महिन्यात भोरकडच्या एका मुलीशी त्यांचे लग्न झाले. किसनरावांना आमंत्रण होते. ते गेले नाहीत, पण आहेर पाठवला.

जूनमध्ये राजहंसांनी तिसऱ्यांदा पाठवण्याची तयारी सुरू केली. सुवर्णाला आता घाई नव्हती, पण अर्ज मागे घ्यायलाही ती तयार नव्हती. समन्सवरची तारीख बदलायची म्हणून राजहंसांनी न्यायालयाच्या परवानगीने जुना संच माझ्याकडे पाठवला. तो एका बुधवारी सकाळी माझ्या टेबलावर आला.

वर दोन ओळींचे जर्मन पत्र होते. 'आपली विनंती पूर्ण करून कागदपत्रे परत पाठवत आहोत.' मी ते दोनदा वाचले. मग फॉर्म उलटा केला.

या फॉर्मबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. विनंती त्याच्या पुढच्या बाजूला असते आणि उत्तर मागच्या बाजूला. बजावणी झाली आणि बजावणी झाली नाही, अशी दोन्ही वाक्ये छापलेली असतात. लागू नसेल ते खोडायचे असते. काम झाले तरी फॉर्म आणि कागदांची प्रत परतच येते, कारण त्याच फॉर्मच्या पाठीवर प्रमाणपत्र असते. आपल्याकडे बेलिफचा अहवाल वेगळ्या कागदावर येतो आणि समन्सचा अख्खा गठ्ठा परत आला तर त्याचा अर्थ माणूस सापडला नाही असाच असतो. न्यायालयातल्या कारकुनाने तोच अर्थ घेतला. राजहंसांनी तोच घेतला. मी तर गठ्ठा बघितलाही नव्हता.

मागच्या बाजूला 'झाली नाही' हे वाक्य सरळ रेघेने खोडलेले होते. खाली शिक्का होता.

राजहंसांना फोन केला. ते म्हणाले, तारीख काय आहे? मी सांगितली. ते म्हणाले, मी तिला सांगतो. मी म्हटले, मीच सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंजवडीकडच्या गर्दीत बसने दोन तास घालवून मी दुकानावर पोचलो. काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ होते. सुवर्णाने त्यांना गोळ्यांच्या पट्ट्या दिल्या, पांढरी जेवणाआधी आणि पिवळी जेवणानंतर असे दोनदा सांगितले, ते गेल्यावर माझ्याकडे वळली. मी सगळे सांगितले.

"तुम्ही पाहिलं म्हणाला होतात," ती म्हणाली.

"पाहिलं नव्हतं."

तिने मान हलवली. आवाज चढवला नाही. मला बाहेरच्या स्टुलावर बसायला सांगितले आणि पाणी दिले. नंतर म्हणाली, "काय लिहिलंय ते वाचून दाखवा. मराठीत. घाई करू नका."

मी वाचून दाखवले. तिने तारीख पुन्हा विचारली आणि औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून घेतली.

प्रमाणपत्राचे भाषांतर त्याच दुपारी न्यायालयात दाखल झाले. त्यानुसार कागदपत्रे जानेवारीतल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, घंटी वाजवूनही कोणी दार न उघडल्याने, पोस्टमनने सरकारी पिवळ्या पाकिटातून त्या घराच्या पत्रपेटीत टाकली आणि तिथल्या कायद्याप्रमाणे बजावणी पूर्ण झाली. त्या दिवशी पाडव्याला दोन महिन्यांहून अधिक अवकाश होता.

अभिजित कोणत्याही तारखेला हजर राहिला नाही, वकीलही दिला नाही. पुढच्या फेब्रुवारीत एकतर्फी निकाल लागला आणि घटस्फोट मंजूर झाला. निकालाची एक प्रत अर्जदाराला विनामूल्य मिळते. ती नेताना रजिस्टरमध्ये सही करायची असते. गेल्या महिन्यात मी न्यायालयात जाऊन ते रजिस्टर पाहिले. सुवर्णाच्या नावापुढे सही नाही. प्रत तिथेच आहे.